बांधावरची झाडं जळणासाठी विकताय? उक्तं देण्याआधी हे वाचा

दिवाळी उरकली की आमच्या खटाव-माण भागात मोटारसायकलवरनं दोघं-तिघं फिरायला लागतात. बांधाबांधानं बघत जातात, एखादी जाडजूड बाभळ दिसली की पारावर येऊन विचारतात, "ही कुणाची हाय?" मग मालकाच्या घरी चहा होतो, झाडाभोवती एक फेरी मारली जाते आणि आकडा ठरतो. वजन नाही, माप नाही, कागद नाही. याला आपल्याकडं उक्तं देणं म्हणतात. संध्याकाळपर्यंत झाड आडवं, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली गेलेली, आणि वीस-पंचवीस वर्षं सावली दिलेल्या झाडाचे जे पैसे हातात येतात ते बघून म्हातारी माणसं गप्प बसतात.

मी जळणाचा छोटा धंदा करतो. सुरुवात घरच्याच निलगिरीपासनं झाली, आता आसपासच्या शेतकऱ्यांची झाडं घेतो, वाळवतो, फोडतो आणि पोच करतो. बरेच जण फोनवर विचारतात की आमच्याकडं एवढी झाडं आहेत काय करू, किंवा पोरगा घरी बसून आहे त्याला हा धंदा जमेल का. सगळ्यांना तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की मालकानं झाड उभं आणि ओलं विकू नये. तोडून, तुकडे करून, वाळवून, काट्यावर मोजून विकावं. हे करायला शेड नाही लागत, मोठं भांडवलही नाही लागत, चार महिने दम धरावा लागतो आणि थोडा हिशोब लागतो.

पहिली पायरी: झाड खरंच तुमचं आहे का आणि तोडता येतं का

इथं घाई करू नका, निम्मी भांडणं इथंच होतात. आधी सातबारा काढा. नावं किती आहेत बघा. चुलते, आत्या, बहिणी यांची नावं असतील तर सगळ्यांना आधी सांगा आणि शक्य असेल तर साध्या कागदावर सह्या घ्या. झाड तोडल्यावर पैसे वाटायला बसलं की नाती तुटतात, हे मी चार-पाच घरांत बघितलंय. झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्यालाही बोलवा. बुंधा कुणाच्या बाजूला, मुळं कुणाच्या रानात, सावलीनं कुणाची ज्वारी मारली, सगळं त्या दिवशी निघतं, निघू द्या, पण कुऱ्हाड लागायच्या आधी निघू द्या.

आता कायदा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत काही जाती दिलेल्या आहेत. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, बिबळा वगैरे. ही झाडं स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज करायचा, सातबारा, नकाशा जोडायचा, मग ते येऊन झाडं बघून जातात, मोजतात. ऑफिसात याला मालकी प्रकरण म्हणतात, तोच शब्द वापरा म्हणजे लगेच टेबल सापडतं. माझा सल्ला असा की जळणासाठी आंबा-चिंच-जांभळाच्या नादी लागूच नका. फळाचं झाड जळणाच्या भावानं देणं म्हणजे दुभती म्हैस खाटकाला देण्यासारखं आहे.

बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ, गिरिपुष्प ही आपल्याकडची खरी जळणाची झाडं. यातल्या काही जातींना वाहतूक परवान्यातून (याला टीपी म्हणतात) सूट दिलेली आहे, पण ती यादी अधिसूचना निघून बदलत आलेली आहे, म्हणून ट्रॉली भरायच्या आधी रेंज ऑफिसात जाऊन आपल्या जातीला टीपी लागते का ते विचारून या आणि जमलं तर लेखी घ्या. जत-मिरजेकडच्या लोकांना हे जास्त महत्त्वाचं, कारण माल कर्नाटकात अथणी किंवा विजापूरकडं गेला की राज्याची हद्द ओलांडली जाते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची सिस्टीम सुरू केलीय, ती यासाठीच आहे.

आणखी तीन-चार गोष्टी पटापट सांगतो. सातारा नगरपालिका किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत प्लॉट असेल तर १९७५ चा शहरी झाडांचा वेगळा कायदा लागतो, तिथं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासनं इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथं नियम कडक आहेत. पाटण, जावळी, शिराळा भागात डोंगरातली जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत खाजगी वन किंवा वनाशी संबंधित काही शेरा आहे का ते बघा, असेल तर एक फांदीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन असेल तर आधी तहसीलमध्ये विचारा. ओढ्याच्या, नदीच्या काठावरची झाडं तर मी मोफत दिली तरी तोडत नाही, पहिल्या मोठ्या पावसात काठ कसा जातो ते डोळ्यांनी बघितलंय.

आणि धंदा करणाऱ्यांना एक विनंती, जंगलातनं आलेलं लाकूड घेऊ नका. कोयना आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कडेच्या गावांतनं कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नाही म्हणायचं. एक अशी ट्रॉली सापडली तर तुमच्या बाकीच्या स्वच्छ मालावरही संशय येतो.

दुसरी पायरी: आधी गिऱ्हाईक, मग कुऱ्हाड

नवीन माणूस आधी झाड तोडतो आणि मग विकायला निघतो. मग जो भेटेल त्याला, तो म्हणेल त्या भावात. उलटं करा. वही घ्या, पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत फिरा आणि जळण कोण जाळतंय ते लिहून काढा. त्यापलीकडं गेलात तर डिझेलच नफा खाऊन टाकतं.

आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हळदीचा हंगाम हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहे असं माझं मत. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वाई-कोरेगाव-कराडकडंही हळद आहे. जानेवारीपासनं काढणी सुरू होते आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत हळद वाफेवर शिजवून देणारे कुकरवाले या रानातनं त्या रानात फिरत असतात. त्यांना वाफ लागते, सतत लागते, आणि मधेच आग बसली की हळद कच्ची राहते, मग शेतकरी बोंब मारतो. म्हणून कुकरवाला भावात थोडा पुढं-मागं होईल पण कोरड्या जळणासाठी पैसे द्यायला तयार असतो. त्याला दोन-अडीच फुटांचे तुकडे लागतात, फार बारीक फोडलेलं नको, पटकन जळून जातं. अडचण एवढीच की त्याला जानेवारीत माल पाहिजे, म्हणजे तुमचं लाकूड आदल्या उन्हाळ्यात वाळून पत्र्याखाली बसलेलं पाहिजे.

बेकरीवाल्याचं गणित वेगळं. त्याला फूट-दीड फुटाचं, फोडलेलं, काटे नसलेलं, एकसारखं लाकूड लागतं. भट्टी रात्री तापवतात, अंधारात माणूस हात घालून लाकूड उचलतो, त्याला काटा टोचला तर तो दुसऱ्या दिवशी तुमचा माल उचलत नाही. रंग दिलेलं, प्लायवूड, जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड बेकरीला कधीही देऊ नका, धूर थेट पावाला लागतो.

मग हायवेवरचे ढाबे, लग्नाचे आचारी, खव्याच्या आणि मुरमुऱ्याच्या भट्ट्या, महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं, आणि घरोघरचे बंब. २०१६ ला उज्ज्वला आल्यापासनं स्वयंपाक बऱ्याच घरांत गॅसवर गेला पण आंघोळीचं पाणी अजून बंबातच तापतं, आणि मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायला बायका जळण शोधत असतात. हे गिऱ्हाईक छोटं आहे, दोन-तीन क्विंटल घेतं, पण रोख देतं आणि दारात येऊन घेतं.

गुऱ्हाळवाल्यांच्या मागं लागू नका, त्यांचं चुलवाण चिपाडावर चालतं, लाकूड थोडंच लागतं. विट्याकडच्या सायझिंगचे (सुताला खळ लावायच्या कारखान्यांचे) किंवा एमआयडीसीतले बॉयलर मोठा माल घेतात, पण उधारी महिना-दीड महिना, वर ओलावा जास्त निघाला तर गाडी परत. पहिल्या वर्षी तिकडं जाऊ नका. व्हाइट कोल म्हणजे भुसा दाबून केलेल्या ब्रिकेटचं मशीन टाकायचं स्वप्न बरेच जण बघतात, त्याला भुसा दहा टक्क्यांच्या आसपास कोरडा लागतो आणि वीजबिल मोठं येतं, आधी साधं लाकूड तीन वर्षं विकून बघा, मग ठरवा.

प्रत्येक गिऱ्हाइकाकडं पाच गोष्टी विचारून वहीत लिहा. कोणती जात चालते, किती लांबीचा तुकडा, महिन्याला किती, वजन कुठल्या काट्यावर, पैसे कधी. एवढं असलं की तुम्हाला कळतं झाड तोडायचं का ठेवायचं.

तिसरी पायरी: तोडणी

तोडणी कार्तिक ते माघ या काळात करा. झाडात त्या वेळी रस कमी असतो, पुढं कोरडं वारं आणि उन्हाळा मिळतो. पावसाळ्यात तोडलेलं लाकूड वाळायच्या आधी बुरशी धरतं.

झाडावर चढून बघा, निदान खालनं नीट बघा. विहिरीच्या कडेच्या बाभळीला सुगरणीचे खोपे असतात, जुन्या पोकळ बुंध्यात पिंगळा राहतो. असं एखादं म्हातारं झाड मी मालकाला सांगून ठेवून देतो. त्या पोकळ झाडात जळण तसंही कमीच भरतं आणि पिंगळा उंदीर खातो हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

लाइटच्या तारेजवळ झाड असेल तर महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्यायची. दोरानं ओढून घेतो म्हणणारे खूप भेटतील, ऐकायचं नाही.

कापायची पद्धत थोडक्यात. झाड जिकडं पाडायचंय त्या बाजूनं आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा खोल. मग मागच्या बाजूनं, खाचेच्या तळापेक्षा थोडं वरनं काप घ्यायचा, आणि मधे जाडीच्या दहाव्या हिस्स्याएवढी पट्टी न कापता ठेवायची. ती पट्टी बिजागरीसारखं काम करते, झाड सावकाश आणि ठरलेल्या बाजूला जातं. पट्टी आरपार कापली की झाड कुठंही फिरतं. कापणाऱ्याला मागं तिरकं पळायला वाट मोकळी ठेवायची, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी उभं नको, पोरं तर अजिबात नको. चेनसॉवाल्याला हेल्मेट, चष्मा, बूट द्या.

तोडणारी माणसं बाहेरची असतात, त्यांना उचल देऊन वर्षभर बांधून ठेवायची जुनी सवय आपल्या भागात आहे. करू नका. १९७६ पासनं वेठबिगारी कायद्यानं बंद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या घामावर आपण चार पैसे मिळवतो त्याला कर्जात अडकवून झोप कशी लागेल. रोजचा हिशोब रोज द्या. प्रत्येकाचा बँकेतनं प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून घ्या, वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. टोळीतल्या दहा माणसांचे २०० रुपये होतात, ते मालकानं किंवा धंदेवाल्यानं भरावेत.

चौथी पायरी: वाळवणं, आणि खरा पैसा इथं आहे

ताज्या तोडलेल्या लाकडात जातीप्रमाणे चाळीस ते पन्नास टक्के पाणी असतं. पन्नास धरू, हिशोबाला सोपं. म्हणजे १ टन ओल्या लाकडात ५०० किलो पाणी आणि ५०० किलो लाकूड. हेच लाकूड वाळून ओलावा २० टक्क्यांवर आला की वजन भरतं ६२५ किलो. लाकूड तेवढंच, पाणी गेलं.

आता जाळणाऱ्याच्या बाजूनं बघा. ओल्या लाकडाची निम्मी ताकद स्वतःतलं पाणी उडवण्यात जाते असं लोक म्हणतात, ते तितकं बरोबर नाही, खरा तोटा असा की किलोमागं लाकूडच निम्मं असतं आणि वर त्यातनं पाण्याची वाफ करायला उष्णता लागते. १ किलो ओल्या लाकडातनं साधारण १,९०० किलोकॅलरी मिळतात आणि २० टक्के ओलाव्याच्या लाकडातनं ३,४०० च्या आसपास. पावणेदोन पट.

आता भाव लावा. समजा ओल्या लाकडाला टनाला ३,००० रुपये मिळतात. वाळून ६२५ किलो उरलं तर तेवढेच ३,००० यायला वाळलेल्याचा भाव ४,८०० पाहिजे. त्याच्या खाली विकलं तर तुम्ही उगीच चार महिने थांबलात. आणि गिऱ्हाइकाला किती परवडतं? ओल्यात त्याला १ रुपयाला ६३० च्या आसपास किलोकॅलरी पडतात. वाळलेलं ५,३०० नं घेतलं तरी त्याला तेवढीच उष्णता तेवढ्याच पैशात मिळते, वर धूर कमी, आग लवकर धरते, माणूस फुंकत बसत नाही. म्हणजे ४,८०० आणि ५,३०० च्या मधे कुठंतरी तुमचा आणि त्याचा दोघांचा फायदा आहे. हे आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचा भाव टाकून परत करा. ओल्याच्या भावाला १.६ नं गुणलं की तुमची खालची हद्द मिळते. हा गुणाकार मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्यांदा शिकवतो, कारण वखारवाला म्हणतो "वाळलेल्याला पाचशे रुपये जास्त देतो की" आणि आपण खूष होतो, प्रत्यक्षात वरच्या हिशोबानं वाळलेल्या टनामागं तेराशे रुपये गेलेले असतात.

पद्धत सांगतो. तोडल्यावर आठ दिवसांत तुकडे पाडा आणि मनगटापेक्षा जाड असेल ते फोडा. साल म्हणजे झाडाचा रेनकोट आहे, तिच्यातनं पाणी बाहेर जात नाही, जातं ते टोकातनं आणि फोडलेल्या अंगातनं. बाभळीची साल काढलीत तर आणखी बरं, सालीखाली भुंगा लागतो आणि पावसाळ्यानंतर लाकूड हातात घेतलं की पिठासारखी भुकटी पडते.

रास जमिनीवर लावायची नाही. खाली दगड, जुने टायर किंवा दोन आडवे ओंडके टाका, हातभर नाही तर वीतभर तरी उचला. एक थर उभा, एक आडवा, मधनं वारं जाईल असं. भिंतीला चिकटवू नका. वर जुना पत्रा किंवा फ्लेक्स टाका, पण बाजू उघड्या ठेवा. बरेच जण सगळी रास प्लास्टिकनं गुंडाळतात, सकाळी प्लास्टिकच्या आतनं पाण्याचे थेंब दिसतात, ते पाणी परत लाकडातच जातं.

माण-खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडं हे काम सोपं आहे, हवा कोरडी, वारं भरपूर, फोडलेलं लाकूड तीन-चार महिन्यांत तयार. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं वैशाखाच्या आत लाकूड पत्र्याखाली गेलंच पाहिजे, एकदा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत हवेतच ओल असते. त्या भागात दुसरी भीती वणव्याची. फेब्रुवारी ते मे रास गवताच्या रानात ठेवू नका, भोवती दहा-बारा फूट जमीन खरवडून साफ ठेवा, पाण्याचा बॅरल भरलेला ठेवा.

वाळलं कसं ओळखायचं? ओलावा मोजायचं पिनचं छोटं यंत्र मिळतं, चांगलं आहे, पण तुकडा फोडून आतल्या बाजूला टोचायचं, बाहेरनं टोचलं तर खोटं दिसतं. यंत्र नसेल तर मी करतो तसं करा. राशीतले पाच तुकडे निवडा, ऑइलपेंटनं नंबर टाका, घरच्या काट्यावर वजन करून वहीत तारीख टाकून लिहा, आणि तुकडे परत राशीच्या मध्यभागी ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढा, मोजा, लिहा. माझ्या पहिल्या वहीत निलगिरीच्या एक नंबरच्या तुकड्याची ओळ अजून आहे: जानेवारीत ४ किलो २००, मग ३ किलो ६००, ३ किलो १००, २ किलो ८००, आणि एप्रिलच्या शेवटी सलग दोन वेळा २ किलो ६५०. वजन हलायचं थांबलं की लाकूड हवेपुरतं वाळलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन आवाज येतो, ओल्याचा आवाज भद्द येतो. टोकाला चांदणीसारख्या भेगा पडतात.

ही वही ठेवायच्या आधी माझंही चुकलेलं आहे. पहिल्या वर्षी दोन महिनेच थांबलो आणि एका बेकरीला ट्रॉली दिली. बाहेरनं लाकूड पांढरं, कोरडं दिसत होतं. रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला की भट्टी तापत नाही, तोंडातनं पाणी निघतंय. मी गेलो तर खरंच जळत्या लाकडाच्या मागच्या टोकाला फेस येत होता, सूं सूं आवाज करत होतं. त्यांचा त्या दिवसाचा पाव गेला. मी माल परत घेतला आणि नुकसान भरून दिलं, आणि तेव्हापासनं तुकडा फोडून दाखवल्याशिवाय ट्रॉली हलवत नाही.

कोरड्या लाकडाबद्दल मला एवढं का वाटतं त्याचं कारण धंद्याच्या आधीचं आहे. आजी गेली आषाढात. चार दिवस झड लागली होती. स्मशानातलं लाकूड भिजलेलं, कुणाच्या घरचं मिळेल ते आणलं, तेही ओलंच. डिझेल ओतलं, टायर टाकले, वडील फुंकत होते, धुरानं त्यांचे डोळे सुजले, आणि सगळं व्हायला रात्र झाली. तेव्हा कुणी कुणाला काही बोललं नाही. आता माझ्या शेडात पत्र्याखाली चारशे-साडेचारशे किलो कोरडं लाकूड कायम बाजूला असतं, ते विकायचं नसतं, गावात कुणाकडं गरज पडली की न्यायचं. ज्या गावात तुम्ही हा धंदा कराल तिथं एवढं करा, आणि ग्रामपंचायतीला सांगा की पावसाळ्याचं स्मशानाचं जळण मे महिन्यातच भरून घ्या. बऱ्याच पंचायती घेतात, कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

पाचवी पायरी: काटा, गाडी आणि कागद

वजन काट्यावरच. आधी रिकामी गाडी, मग भरलेली, दोन्ही पावत्या आपल्याकडं. दोन्ही वेळेला ड्रायव्हर एक तर आत नाही तर बाहेर, आणि मधे डिझेल भरायचं नाही. काट्यावर वैधमापन खात्याचं पडताळणीचं सर्टिफिकेट लावलेलं असतं, त्यावरची तारीख वाचा, जुनी असेल तर दुसऱ्या काट्यावर जा. राशीच्या मापावर, म्हणजे फूट-ब्रासवर विकू नका, रचणाऱ्याच्या हातावर पोकळी ठरते आणि राशीत साधारण चाळीस टक्के तर हवाच असते.

जळाऊ लाकडावर जीएसटी नाही आणि त्याला ई-वे बिलही लागत नाही. पण तेच लाकूड चिप्स किंवा ब्रिकेट करून विकलं की ५ टक्के लागतो. ई-वे बिल नाही म्हणजे टीपी नाही असं समजू नका, ते खातं वेगळं. गाडीत सातबाऱ्याची प्रत, मालकाचं संमतीपत्र, काट्याची पावती आणि लागत असेल तर टीपी, एवढं एका फाइलमध्ये ड्रायव्हरकडं द्या. आरा मशीन बसवायचा विचार असेल तर वनखात्याचं लायसन्स लागतं, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या गोदावर्मन केसपासनं ते सहजासहजी मिळत नाही. जळणाला आऱ्याची गरज नाही, चेनसॉ आणि फोडायची कुऱ्हाड पुरते.

उधारी पहिल्या वर्षी देऊच नका. द्यावीच लागली तर एका ट्रॉलीपेक्षा जास्त नाही, पहिलीचे पैसे आले की दुसरी.

एकट्यानं की गटानं

एका शेतकऱ्याकडं पाच-दहा झाडं असतात. त्यात चेनसॉ, ट्रॉलीचं भाडं, काट्याचा खर्च बसत नाही. म्हणून वाडीतल्या सात-आठ जणांनी एकाच आठवड्यात तोडणी ठेवा, रास एका ठिकाणी लावा, प्रत्येकाचं वजन तोडल्या दिवशी ओलं मोजून वहीत लिहा आणि विकल्यावर त्याच प्रमाणात पैसे वाटा. वही सगळ्यांना बघता येईल अशा घरी ठेवा, शक्यतो बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईकडं, त्यांना रोजच्या नोंदीची सवय असते. दोन-तीन हंगाम नीट गेले आणि माणसं टिकली की मग शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करा, त्याला किमान दहा उत्पादक सभासद आणि पाच संचालक लागतात. पहिल्याच वर्षी कंपनी काढून सीएची फी भरत बसलेले गट मी बघितलेत, माल नाही आणि लेटरहेड आहे.

शेवटची पायरी: खोडवा

उसाचा खोडवा आपण धरतो तसाच काही झाडांचाही धरता येतो. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प तोडल्यावर बुडख्यातनं जोरात फुटतात. बाभळीचा भरवसा नाही, तिचं नवीन रोपच लावावं लागतं. खोडवा धरायचा असेल तर जमिनीपासनं चार-सहा बोटं ठेवून काप घ्या, काप तिरका घ्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि बुडख्याची साल उचकटू देऊ नका, फुटवा सालीजवळनंच येतो. कुऱ्हाडीनं ठेचलेलं बुडखं कुजतं, करवतीचा काप चांगला. सात-आठ महिन्यांनी बुडख्यावर दहा-पंधरा फुटवे दिसतील, त्यातले दोन-तीन जोमदार, वाऱ्याच्या बाजूचे ठेवा आणि बाकीचे काढा, सुबाभूळ आणि गिरिपुष्पाचा पाला शेळ्यांना चालतो पण सुबाभळीचा पाला दुसऱ्या वैरणीत मिसळून, थोडाच द्या. सुबाभूळ तीन-चार वर्षांत आणि निलगिरी पाच-सहा वर्षांत परत तोडायला येते. निलगिरी शेजाऱ्याच्या बांधाला लावू नका, त्याच्या पिकाचं पाणी ओढते आणि भांडण तुमच्या दारात येतं.

आणि पहिले सहा महिने त्या बुडख्यांना बोराटीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा, तोडणीत निघालेल्या काट्या जाळून टाकण्याऐवजी त्यालाच वापरा. कोवळा फुटवा शेळीनं एकदा खुडला तर पुन्हा येतो, तीन वेळा खुडला की बुडखं मरतं.